आर्डिथने गॅरेज उघडलं

आमच्या गॉडरिच गावात लाइल डर्निनला वाईट म्हणणारं कुणी नव्हतं. गावाशेजारच्या समुद्राएवढ्या तळ्याखालच्या मिठाच्या खाणीत तो वेल्डर होता, आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या गॅरेजमध्ये त्याने स्वतःचं वेल्डिंगचं मशीन बसवलं होतं. कुणाच्या बर्फ लोटायच्या यंत्राची दांडी तुटली, कुणाच्या बोटीच्या ट्रेलरचा सांधा सुटला, की माणसं सरळ लाइलकडे. काम फुकट करायचा आणि वर शिव्या द्यायचा. "हे आधी जोडलं कुणी? आंधळ्यानं?" माणसं हसत घरी जायची. त्याच्या बायकोला, आर्डिथला, त्याच्यासोबत राहण्यात किती हसू येतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

मी त्यांच्या शेजारची. आमच्या घरांमध्ये फक्त माझी लिलाकची झुडपं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची गाडी लावायची जागा आणि मागचं गॅरेज, सगळं उघडं दिसतं.

आर्डिथ उंच, हाडापेराने मजबूत बाई. शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होती आणि गोळाफेकीत मुलांना हरवायची. लग्नानंतर तिने खांदे आत ओढून चालायला सुरुवात केली, ती तशीच चालत राहिली. तिला गाडी चालवता येत होती, लहानशी निळी गाडीही होती. पण संध्याकाळी लाइल बाहेर यायचा, तिला गाडीत बसवायचा आणि स्वतः दाराला टेकून उभा राहायचा.

"वाच."

मग आर्डिथ किलोमीटरचा आकडा मोठ्याने वाचायची. दुकान किती लांब, चर्च किती लांब, दातांचा डॉक्टर किती लांब, सगळं त्याला तोंडपाठ.

"चार जास्त आलेत. कुठं उंडारत होतीस?"

"पुलाचं काम चाललंय. वळसा घालावा लागला."

दुसऱ्या दिवशी तो खरोखर जाऊन पूल बघून यायचा. पेट्रोल तोच भरायचा, तेही बेताचं. गॅरेजमध्ये तिला पाऊल टाकायची मुभा नव्हती. जेवण तयार झालं की ती दाराबाहेरून हाक मारायची आणि तो येईपर्यंत तिथंच थांबायची, बाहेर बर्फ असो की डास.

तिची धाकटी बहीण लीटा सीफोर्थला राहायची. तिला कॅन्सर झाला. आर्डिथने जाऊ का म्हणून विचारलं की लाइल म्हणायचा, "रविवारी बघू." असे पुष्कळ रविवार गेले. मी म्हटलं, "माझी गाडी ने." ती म्हणाली, "नको गं व्हर्ना. मग तो तुझ्या गाडीचा आकडा विचारायला येईल. ओळखते मी त्याला." शेवटी एकदा ती निळी गाडी घेऊन निघून गेली. संध्याकाळी परतली तेव्हा लाइल दारातच उभा होता. ती खोटं बोलली नाही, खोटं बोलून चालणारही नव्हतं. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. गाडीचं तोंड उघडलं, आतली बॅटरी काढली, काखेत घेतली आणि गॅरेजमध्ये नेऊन कुलूप लावलं.

"दमलीय बिचारी," तो गाडीकडे बघत म्हणाला. "थंडी सरेपर्यंत झोपू दे तिला."

लीटा फेब्रुवारीत गेली. अंत्ययात्रेला लाइलने बायकोला स्वतःच्या पिकअपमधून नेलं आणि शवपेटीला पहिला खांदा दिला. सीफोर्थचे लोक म्हणाले, मेहुणा असावा तर असा.

त्यानंतर तीनेक वर्षांनी, एप्रिलमध्ये, लाइलला गॅरेजमध्येच झटका आला. मी ओव्हनमध्ये केक ठेवला तेव्हा आर्डिथ गॅरेजच्या दाराशी उभी राहून त्याला हाका मारत होती. केक झाला, मी बाहेर काढला, तरी ती तिथंच होती. हाका मात्र थांबल्या होत्या. मी धावत गेले आणि दार ढकललं. दाराला कडी लावलेली नव्हती. लाइल बाकाखाली पडला होता, गाल फरशीला चिकटलेला, डोळे उघडे. त्या उघड्या डोळ्यांना दाराखालच्या फटीतून तिचे बूट दिसत असणार.

डॉक्टरने विचारलं, "इतका उशीर का झाला?"

"मला आत जायची परवानगी नव्हती," आर्डिथ म्हणाली.

लाइल वाचला. उजवा हात आणि पाय गेला आणि बोलणं गेलं. बोलण्यातला एकच शब्द मागे उरला, तो म्हणजे "हो". जन्मभर ज्याच्या तोंडून "नाही"शिवाय काही निघालं नव्हतं, त्याला आता काहीही विचारा, "हो." भूक लागलीय? हो. पोट भरलं? हो. त्याला काय चाललंय ते सगळं समजत होतं. मान जोरजोरात हलवून तो नाही सांगायचा, डावी मूठ खुर्चीवर आपटायचा, आणि तोंडातून मात्र "हो, हो, हो!" डॉक्टर म्हणाले, अशा रोग्यांचं असंच होतं, एखादा शब्द अडकून बसतो. मुलगी ओरिलियाहून आली, जनेल तिचं नाव. चार दिवस रडली आणि नोकरी आहे म्हणून परत गेली.

उन्हाळ्यात आर्डिथने लाइलची पिकअप बदल्यात देऊन विजेवर चालणारी पांढरी गाडी घेतली. गावात बरीच चर्चा झाली. लाइल अशा गाड्यांना खेळणी म्हणायचा. "बॅटरीवर बाहुल्या चालतात, गाड्या नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. मी आर्डिथला विचारलं, "अगं, आहे त्या निळीलाच बॅटरी बसवली असती तर?"

"तिला पेट्रोल लागतं," ती म्हणाली. "आता माझ्या गाडीच्या तोंडात घास कोण घालणार, ते मी ठरवणार."

पिकअप नेली त्या दिवशी तिने लाइलची खुर्ची पुढच्या ओट्यावर आणून ठेवली होती. गाड्यांच्या दुकानाचा माणूस किल्ली घेऊन पिकअपमध्ये बसला आणि निघून गेला. आर्डिथने विचारलं, "गेली का रे?" लाइलच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. "हो," तो म्हणाला.

सुरुवातीला ती गाडी स्वयंपाकघरातल्या साध्या प्लगवर चार्ज करायची. खिडकी बोटभर उघडी ठेवून तिच्यातून जाड केशरी वायर बाहेर सोडायची. रात्रभर लावून ठेवलं तरी थोडंच भरायचं, पण आर्डिथला थोडंही पुष्कळ होतं. रोज निघायची. बेफील्ड, क्लिंटन, उत्तरेला किनकार्डिनपर्यंत. कुठंतरी चहा प्यायची आणि परत यायची. दुपारी लाइलला बघायला आरोग्य खात्याची बाई यायची, तेवढ्या वेळात.

सप्टेंबरात तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे किचनरला जायचं होतं. ती भेट मिळायला उन्हाळाभर वाट बघावी लागली होती. सकाळी तिचा मला फोन आला. "व्हर्ना, गाडीत काही नाहीये. मला सोडतेस?" मी किल्ली घेऊन गेले. आर्डिथ कोट घालून स्वयंपाकघरात उभी होती. वायरचा प्लग जमिनीवर पडला होता आणि शेजारी लाइल खुर्चीत बसला होता. आदल्या संध्याकाळी ती अंघोळीला गेली असताना त्याने डाव्या हाताने चाक ढकलत भिंत गाठली असणार.

"प्लग तू काढलास?" तिने विचारलं.

"हो."

एप्रिलपासूनचा तो त्याचा पहिला मनापासूनचा "हो" होता. चेहऱ्याची अर्धी बाजू हसत होती. ते हसू मला ओळखीचं होतं. बॅटरी काखेत घेऊन गॅरेजकडे गेला होता तेव्हाही असंच हसला होता.

 वाकून आर्डिथने प्लग उचलला, वायर हातावर गुंडाळली आणि खिडकी लावून घेतली. किचनरहून परत येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "पक्का चार्जर बसवते. भिंतीत."

वायरमन वेंडेल होजिन्स दोन दिवसांत आला. भला माणूस. त्याचा बाप लाइलबरोबर खाणीत होता. त्याने तळघरातलं विजेचं पॅनेल उघडलं, टॉर्चच्या उजेडात बघितलं आणि डोकं खाजवलं.

"आर्डिथ, पंचाईत आहे. घराला येणारी लाइनच लहान. त्यात तुझी शेगडी, कपडे वाळवायचं मशीन, आणि गॅरेजला गेलेली वेल्डिंगची जाड लाइन. वर चार्जर टाकला तर झेपायचं नाही. मोठी लाइन आणायची तर रस्त्यापासून खणावं लागेल."

"वेल्डिंगची लाइन काढली तर?"

"मग प्रश्नच मिटला. तीच वायर चार्जरला जोडतो. अर्ध्या दिवसाचं काम." मग त्याचा आवाज खाली आला. "पण लाइलचं मशीन..."

"लाइलला विचार ना. त्याचं गॅरेज आहे."

मी बिस्किटं द्यायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. वेंडेलने टोपी काढली आणि तो खुर्चीसमोर उकिडवा बसला. "काका, तुमचं वेल्डिंगचं मशीन काढून तिथं चार्जर बसवायचा म्हणतायत. चालेल तुम्हाला?"

लाइलची मान हलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. डाव्या हाताने त्याने वेंडेलची बाही धरली आणि ओढली. "हो," तो म्हणाला. "हो! हो! हो!"

वेंडेलने आर्डिथकडे बघितलं. "आर्डिथ, ते नाही म्हणतायत गं."

"तुझे कान ठीक आहेत ना?"

"पण मान बघ की त्यांची..."

"मान हलते त्याची. आजार आहे." तिने लाइलची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली. "हो म्हणाला ना तो? मी ऐकलं, व्हर्नाने ऐकलं. काय गं व्हर्ना?"

लाइल माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "माझा ओव्हन चालू आहे," आणि निघून आले.

मशीन न्यायला बेनमिलरचा एक शेतकरी आला. त्या दिवशी आर्डिथने गॅरेजची दोन्ही दारं सताड उघडली. पहिल्यांदाच ती आत गेली. मी झुडपांपाशी पानं गोळा करत होते. ती हात पाठीमागे बांधून, प्रदर्शन बघायला आल्यासारखी फिरत होती. हातोड्या मापाप्रमाणे टांगलेल्या, खिळे बरण्यांत, फरशी आमच्या ताटांपेक्षा स्वच्छ. कोपऱ्यात निळ्या गाडीची ती बॅटरी अजून होती. आर्डिथने ती बुटाने ढकलत ढकलत बाहेर आणली आणि भंगारात टाकली.

चार्जर बसला त्या दिवशी हवेत गारवा होता. तिने लाइलला कोट घातला, पायांवर कांबळं टाकलं आणि खुर्ची गॅरेजच्या मधोमध आणून ठेवली. वेंडेल म्हणाला, "त्यांना कशाला इथं? भुकटी उडेल."

"त्याला हत्यारं वापरताना बघायला आवडतं. काय रे, आवडतं ना?"

"हो."

चार्जरचा खोका नेमका लाइलच्या कामाच्या बाकाच्या वर बसवायचा होता, कारण जुनी वायर तिथंच येत होती. बाक मध्ये येत होता. वेंडेल म्हणाला, थोडा सरकवू. आर्डिथ म्हणाली, काप. बाक मेपलचा होता. लाइलने लग्नाआधी, बापाच्या शेतावरचं पडलेलं झाड चिरून बनवला होता. वेंडेलने पुन्हा विचारलं, "नक्की?" तिने मान डोलावली. करवत चालू झाली. लाइल ओरडायला लागला, तोच एक शब्द, करवतीच्या आवाजाच्या वर. वेंडेल काम संपवून गेला तेव्हा त्याने चहाही घेतला नाही. वीज खात्याचा इन्स्पेक्टर येऊन तपासून गेला, म्हणाला काम चोख आहे. चोख होतंच.

त्यानंतर त्यांच्या घरात एक नवी सवय सुरू झाली. वाचा सुधारायला येणाऱ्या बाईने सांगितलं होतं की आकड्यांचा सराव करून घ्या, आकडे लवकर परत येतात. चार्जरच्या खोक्यावर लहानसा पडदा होता, गाडीत किती युनिट भरले ते दाखवणारा. रोज संध्याकाळी आर्डिथ गाडी आत घेऊन प्लग लावायची, लाइलची खुर्ची त्या पडद्यासमोर आणायची आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहायची.

"वाच."

"हो."

"हो नाही. आकडा वाच."

"हो... ए... ए..."

"एक. पुढं? एक आणि काय?"

कधी आकडा निघायचा, कधी नाही. नाही निघाला तर आत नेणं नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर आला, तळ्यावरून बर्फाचे लोट यायला लागले. दार उघडंच असायचं. आकडा बरोबर आला की ती गाडीभोवती फिरून काचा पुसायची, मग सावकाश त्याला आत न्यायची. एकदा मी लिलाकमधून वाट काढून गेले.

"आर्डिथ, पुरे कर. ओठ निळे पडलेत त्याचे."

"सराव आहे हा. बाईंनी सांगितलाय."

"बाईंनी थंडीत सांगितला नाही."

"व्हर्ना," ती म्हणाली, "तुझ्या खिडकीतून इतकी वर्षं छान दिसत होतं ना? जा, तिथूनच बघ."

हे काही तिने एकटीने केलं असं नाही. गावातले निवृत्त म्हातारे सकाळी डोनटच्या दुकानात जमतात. आर्डिथ लाइलला गाडीतून तिथं न्यायची, माणसांत मिसळायला म्हणून. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं.

"काय लाइल, माझ्या ट्रेलरचा सांधा तूच बिघडवला होतास ना?"

"हो."

हशा.

"आणि आंधळा कोण? तू?"

"हो."

"अरे, आज याला काय हवं ते विचारून घ्या! लाइल, सगळ्यांची कॉफी तुझ्यातर्फे?"

म्हातारे मिशांतून कॉफी उडेपर्यंत हसले. हीच ती माणसं, ज्यांची यंत्रं त्याने फुकट जोडून दिली होती. लाइलचे डोळे भरून आले. आर्डिथने हातरुमाल काढला, त्याचे डोळे पुसले आणि काउंटरवर जाऊन सगळ्यांची कॉफी आणली. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला घेऊन गेली.

नाताळला जनेल आली. न सांगता, एक दिवस आधी, संध्याकाळच्या वेळी. घरात कुणी दिसलं नाही म्हणून मागे गेली. मी तिला हात केला होता, पण तिने पाहिलं नाही. थोड्या वेळाने गॅरेजमधून आवाज चढले आणि मी ओव्हरकोट अडकवून बाहेर आले.

"आई, काय करतेयस तू हे? त्यांचे हात बघ! लाकूड झालेत!"

"आकडा म्हणाला की आत नेणारच होते."

"तू वेडी आहेस का? आजारी माणूस आहे तो!"

आर्डिथने गाडीचा प्लग नीट दाबून बसवला. "आजारी आहे, हे खरं."

"हे तू त्यांच्यासारखंच वागतेयस. अगदी त्यांच्यासारखं. मला आठवतंय सगळं, आई. गाडीत बसून तू आकडे वाचायचीस..."

"आठवतंय?" आर्डिथ वळली. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच मी तिला पूर्ण उंचीत उभी पाहिली. "बरं झालं. मला वाटायचं तुला झोप लागलेली असायची. वीस वर्षं तू वरच्या खिडकीतून बघितलंस, मग लग्न करून गेलीस. नाताळला यायचीस, टर्की खायचीस, बाबांच्या गळ्यात पडायचीस. एकदा तरी म्हणालीस का त्याला, बाबा हे काय करताय? त्याच्यासाठी तुला दोन मिनिटांत वाचा फुटली."

"मी लहान होते."

"लग्नात लहान होतीस? लीटा मेली तेव्हा लहान होतीस?"

 जनेलने आपला स्कार्फ काढून बापाच्या हातांना गुंडाळला. लाइल तिच्याकडे बघून रडत होता आणि म्हणत होता, "हो, हो."

"मी यांना घेऊन जातेय," जनेल म्हणाली.

"ने. त्याच्या गोळ्या फ्रीजवर आहेत. संडासला दिवसातून दोनदा बसवावं लागतं. रात्री एकदा उठतो. मांस बारीक करून दे, नाहीतर घशात अडकतं." हे सगळं ती एका दमात बोलली आणि घरात जाऊन त्याचे कपडे भरायला लागली. इस्त्रीच्या घड्या करून भरले. नाताळच्या आदल्या रात्री त्या घरात दिवा एकच होता, वरचा.

मला वाटलं, आता ती मनसोक्त हिंडेल. तिने पहिला आठवडाभर गाडी हलवलीसुद्धा नाही. मग जानेवारीच्या मध्यावर, एका स्वच्छ सकाळी, वाटाण्याचं सूप करून थर्मासमध्ये भरलं आणि मला म्हणाली, "ओरिलियाला जाऊन येते." जनेलने येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं, हे मला माहीत होतं, तिलाही.

थंडीत त्या गाड्यांचा दम निम्म्यावर येतो. वाटेत एका आइस-हॉकीच्या मैदानाबाहेर चार्जिंगचा खांब होता. तिथं ती गाडीचा हीटर बंद करून, कांबळं पांघरून, तासापेक्षा जास्त बसून राहिली. ओरिलियाला पोचली तेव्हा दुपार कलली होती. जनेलने दार साखळीइतकंच उघडलं.

"ते झोपलेत."

"खिडकीत बसलाय. मला दिसला तो."

"आई, जा तू."

ती ओट्यावरून उतरली आणि खिडकीसमोरच्या बर्फात उभी राहिली. लाइल काचेपलीकडे होता. अंगावर नवा लोकरीचा स्वेटर, गाल भरलेले, दाढी केलेली. त्याने तिला पाहिलं. मग डाव्या हाताने चाक धरलं आणि ढकललं, पुन्हा ढकललं, आणि खुर्ची वळवून तिच्याकडे पाठ केली. पाठ केल्यावरही तो चाक ढकलत राहिला, भिंतीला पाय लागेपर्यंत.

ती त्याच वाटेने परत आली, त्याच खांबापाशी थांबून. रात्री माझ्याकडे आली, हे सगळं सांगितलं आणि थर्मास टेबलावर ठेवला. सूप तसंच होतं. आम्ही दोघींनी ते गरम करून खाल्लं.

"तब्येत चांगली आहे त्याची," ती म्हणाली. "चाक चांगलं फिरवतो आता. माझ्याकडे असताना एवढा जोर नव्हता लावत."

"आर्डिथ, तुला वाईट वाटतंय का?"

तिने थर्मासचं झाकण लावलं. "मला वाटलं होतं, मला बघून तो 'हो' म्हणेल. दुसरं काही त्याला येतच नाही ना. पण तो काहीच बोलला नाही."

त्या वर्षी बर्फ उशिरा वितळला. एप्रिलच्या शेवटी ती माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्या पडद्याची शिवण घालत होती, तेव्हा जनेलचा फोन आला. आर्डिथच्या हातात सुई होती म्हणून मीच तिचा फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"आई, बाबा गेले."

"कधी?"

"गेल्या मंगळवारी. झोपेत. शनिवारी दफन केलं, इथंच."

आर्डिथने सुई पडद्यात खोवून ठेवली. "शनिवारी. आज गुरुवार आहे."

"हो. मी नंतर सांगायचं ठरवलं." जनेलचा आवाज सरळ होता, तयारी केलेला. "पेपरातही छापून आलंय. तुझं नाव नाही घातलं. भांडायचं असेल तर भांड."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आर्डिथ म्हणाली, "कुठला कोट घातलास त्याला?"

"काय?"

"पेटीत. कुठला कोट?"

"राखाडी. तू भरून दिला होतास तो."

"तो काखेत काचतो त्याला," आर्डिथ म्हणाली. "उसवून मग घालायचा असतो." आणि तिने पडदा पुन्हा मांडीवर ओढून घेतला.